दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बाई

रियाधला मुलीकडे आले की ऑगस्ट महिना खिडकीतूनच बघायचा असतो. बाहेर ऊन इतकं पांढरं असतं की रस्ता, भिंती, गाड्या सगळं एकाच चुन्यानं रंगवल्यासारखं दिसतं. काल जावई बाजारातून ताज्या खजुरांचा घड घेऊन आला. प्रत्येक फळ अर्धं पिवळं, अर्धं तपकिरी. पिवळी बाजू करकरीत, तपकिरी बाजू पाकात बुडवल्यासारखी. नातीनं एक तोंडात टाकला आणि विचारलं, "आजी, व्हाय इज इट हाफ-हाफ?"

"अजून शिजतोय तो," मी म्हटलं.

ती हसली. पण इथले जुने लोक असंच म्हणतात. या दिवसांतल्या उकाड्याला ते खजूर शिजवणारा उकाडा म्हणतात. रियाधची हवा कोरडी, ती नुसती भाजते. शिजणं काय असतं ते कळायला समुद्राकाठी जावं लागतं. आखाताच्या काठावर, रास तनुराच्या बाजूला या दिवसांत सकाळी दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. वाळत घातलेली साडी संध्याकाळी सकाळपेक्षा ओली असायची. अंगावर मीठ, ओठांवर मीठ, आणि दूर रिफायनरीच्या उंच नळीवर रात्रंदिवस जळणारी ज्योत. त्या वाफेतली वर्षं माझ्या अंगात अजून आहेत. त्यातला एक उन्हाळा तर असा आहे, की खजुराचा पहिला घड दिसला की तो आपोआप येऊन समोर बसतो.

तेलाचे भाव आभाळाला भिडले होते तेव्हाची ही गोष्ट. वाळूत जिथे काल काही नव्हतं तिथे आज टाकी उभी असायची, तिच्याशेजारी क्रेन आणि क्रेनच्या पायाशी माणसांचा कॅम्प. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, एकावर एक खाटा. वेल्डर, फिटर, सुतार, आणि त्यातले कितीतरी आपल्या खेड-दापोली-चिपळूणकडचे. आमचे हे रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, हे तेव्हा भाग्यच. मी मुंबईला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून मी गेले. तिथे मला इंगाबाई भेटल्या.

पन्नाशीच्या असतील. उंच, खांदे किंचित वाकलेले, उन्हानं नाकाची कातडी सोललेली. डेन्मार्कच्या. पूर्ण नाव इंगेबोर्ग. आडनाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेला वळत नसे. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून सवयीनं 'इंगाबाई' निघून गेलं. त्यांनी मान वर केली. "बाई म्हणजे काय?"

मी गडबडले. "म्हणजे स्त्री. आणि शाळेत शिकवणारीलाही बाईच म्हणतात."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि परत मायक्रोस्कोपवर वाकल्या.

त्या जंतुशास्त्रज्ञ होत्या. आपल्या देशातल्या मोठ्या संस्थेत त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं लस आणि जंतूंच्या कामात घालवली होती. त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, असं एकदा बोलता बोलता कळलं. इथे आल्या तेव्हा या हॉस्पिटलात जंतू तपासायची सोयच नव्हती. ताप आला की सगळ्यांना एकच इंजेक्शन. इंगाबाईंना ते सहन होत नसे. "तापाला नाव असतं, सूमान," त्या म्हणायच्या. माझं सुमन त्यांच्या तोंडी नेहमी सूमान व्हायचं. "ते विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही."

आणि ते विचारण्यासाठी लागणारी सगळी लॅब त्यांनी अक्षरशः हातानं उभी केली. परदेशाहून मागवलेली खोकी बंदरात अडकून पडायची, म्हणून त्या हॉस्पिटलच्या ड्रायव्हरला घेऊन थेट कत्तलखान्यात जायच्या. पायघोळ झगा, डोक्याला रुमाल, हातात निर्जंतुक केलेली बाटली. मेंढीचं रक्त हवं असायचं, जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये घालायला, आणि गुरांचं पित्त, कारण टायफॉइडचे जंतू पित्तात खुशाल वाढतात. पहिल्या दिवशी कसाई हातातली सुरी खाली ठेवून बघत राहिला. पुढे त्यांची गाडी दिसली की तो स्वतःच बाटलीसाठी हात पुढे करायचा. इनक्युबेटरची तर वेगळीच तऱ्हा. जगभर ती पेटी जंतूंना ऊब द्यायला असते. आमच्याकडे वीज गेली की खोलीच पेटीपेक्षा जास्त तापायची, आणि इंगाबाई बर्फाच्या लाद्या टॉवेलात गुंडाळून तिच्याभोवती रचायच्या. "माझ्या आईला पत्रात हे लिहिलं तर तिला वाटेल मला ऊन लागलं," त्या म्हणायच्या.

जंतूंना जांभळा आणि गुलाबी रंग देऊन वेगळं ओळखायची जी रीत आम्ही रोज वापरायचो, ती त्यांच्याच देशातल्या एका डॉक्टरनं शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली. त्याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्या थट्टेत लपवायच्या. "आमच्या देशात एकही डोंगर नाही. वर बघण्यासारखं काही नसल्यामुळे आम्ही खाली वाकून बारीक गोष्टी बघायला शिकलो."

एका दुपारी, वीज गेलेली असताना, त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांच्या गाई होत्या. इंगाबाई लहान असताना सरकारी पशुवैद्य गावात आला आणि त्यानं गाईंची क्षयाची तपासणी केली. निम्म्याहून जास्त गाई रोगी निघाल्या. दिसायला सगळ्या धडधाकट, दूध भरपूर. पण त्याच दुधातून गावातल्या मुलांच्या गळ्याला गाठी येत होत्या. गाई माराव्या लागल्या. वडील गोठ्याच्या दारात बसून राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी तो पशुवैद्य परत आला. त्याचं काम संपलं होतं, तरी आला. बाही वर करून त्यानं वडिलांबरोबर गोठा चुन्यानं धुतला. तिसऱ्या दिवशीही आला. मी तेव्हाच ठरवलं, मला हे काम करायचंय."

मला वाटलं त्या पशुवैद्यकाबद्दल बोलत आहेत.

त्याच उन्हाळ्यात, खजूर पिवळे पडायला लागले होते तेव्हा, एका कॅम्पमधून तापाचे रुग्ण यायला लागले. आधी एक वेल्डर, मग त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, मग रांगच लागली. चढत जाणारा ताप, डोकेदुखी, कोरडी जीभ. इंगाबाईंनी प्रत्येकाचं रक्त पित्ताच्या बाटलीत घातलं आणि थोड्याच दिवसांत तापाला नाव मिळालं. टायफॉइड. औषध सुरू झालं, बहुतेक जण सावरले. पण महाडकडचा एक तरुण सुतार फार उशिरा आमच्याकडे आला होता. तो वाचला नाही. त्याच्या पेटीत बायकोसाठी घेतलेलं घड्याळ होतं, असं हे सांगत होते. मी त्या दिवशी घरी जेवले नाही.

कॅम्पचा मॅनेजर लेबनीज होता. त्यानं हॉस्पिटलात येऊन टेबलावर हात आपटला. "स्वयंपाकघरातून आलंय हे. सगळ्या स्वयंपाक्यांना घरी पाठवतो. खलास!"

"कशावरून?" इंगाबाईंनी विचारलं.

"दुसरं कुठून येणार?"

"पाण्यातून येईल. दुधातून येईल. मला बघू दे. तोवर कुणालाही पाठवायचं नाही."

त्या मला घेऊन कॅम्पवर गेल्या. पाण्याच्या टाक्या, नळ, बर्फ, दुधाचे डबे, सगळ्याचे नमुने घेतले. पाणी स्वच्छ निघालं. दूधही. मग स्वयंपाकघरातल्या माणसांची पाळी आली. तिथला मुख्य स्वयंपाकी म्हणजे कासमभाई. दाभोळ खाडीकाठचे. तरुणपणी बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांसाठी रांधणारे, आणि मग इथे. साठीकडे झुकलेले, दाढी मेंदीनं लाल केलेली. कोकणी पोरं कॅम्प बदलून मिळत असताना नकार द्यायची, ती त्यांच्या हातच्या जेवणासाठी. मी त्यांना नमुन्याची डबी दिली आणि काय हवंय ते कसंबसं सांगितलं. त्यांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"बाय, उभा जन्म लोकांनी माज्याकडं जेवण मागितलं. हे आजवर कुणी मागितलं नव्हतं."

मी हसले. इंगाबाईंनी विचारलं काय म्हणतात, मी सांगितलं, तर त्या तोंडावर हात धरून हसल्या. कासमभाईही हसले. बाई आपल्या बाजूच्या आहेत, मॅनेजरशी भांडल्या, हे त्यांना कळलं होतं. "ही गोरी बाय खरी माणूस आहे," ते मला म्हणाले. "ती बघेल नीट."

तिनं नीटच बघितलं.

टायफॉइडचा जंतू एका खास प्लेटवर वाढवला की काळा दिसतो. काळा, आणि कडेला चांदीची झाक. मला तो नेहमी सुंदर वाटायचा. त्या सकाळी इनक्युबेटर उघडून मी प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या. सगळ्या साफ. मग एक हातात आली, काळ्या ठिपक्यांनी भरलेली, चकाकणारी. तिच्यावर माझ्याच अक्षरात कासमभाईंचं नाव होतं. मी ती इंगाबाईंसमोर ठेवली. त्यांनी खूप वेळ पाहिली. मग दुसरा नमुना मागवला, सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. उत्तर तेच आलं.

"कधीतरी, तरुणपणी, त्यांना हा ताप आला असेल," त्या म्हणाल्या. "ते बरे झाले, जंतू पित्ताशयात राहिला. त्यांना कधी काहीच त्रास झाला नसेल."

"मग आता?"

"आता त्यांना सांगायचं. आज. मॅनेजरला सांगायच्या आधी."

इंग्रजीतलं त्यांचं वाक्य मराठीत मला सांगावं लागणार होतं. कासमभाई लॅबमध्ये आले, टोपी काढून हातात धरून उभे राहिले. इंगाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. प्लेट दाखवली. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघायला सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. गुलाबी काड्या, बारीक, शांत.

"हे काय?"

"हे तुमच्या पोटात आहेत, कासमभाई," मी म्हटलं. "तुम्हाला काही करत नाहीत. पण हातावाटे जेवणात जातात."

ते मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारलं, "तो महाडचा पोर?"

मी इंगाबाईंकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना प्रश्न समजला असावा. आजही मला वाटतं, माझ्या जागी दुसरी कुणीही असती तर म्हणाली असती, नाही हो, तो कशानेही गेला असेल. माझ्या ओठांवर तेच होतं. इंगाबाई त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग त्यांना. तुमच्या हातातून ते त्याच्याकडे गेलं. तुम्ही त्याला मारलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

मी सांगितलं. कासमभाई उठले. आपल्या दोन्ही हातांकडे बघत, ते अंगापासून जरा लांब धरून, दारातून बाहेर गेले. दाराची मूठसुद्धा त्यांनी कोपरानं ढकलली.

मॅनेजरनं त्याच दिवशी त्यांना परत पाठवायचे कागद मागवले. पोरांमध्ये बातमी पसरली. ज्यांनी ताटावर ताटं मागून खाल्लं होतं, ती त्यांच्या खाटेजवळून जाताना श्वास रोखायला लागली. आमचे हे सांगत होते, कासमभाई खोलीच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत एकटे बसून असतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंगाबाई म्हणाल्या, "चल, कॅम्पवर जायचंय."

"आता तिथे काय काम?"

"काम कालचंच."

त्या कासमभाईंच्या शेजारी पत्र्याच्या सावलीत बसल्या. भाषांतराला मी मध्ये बसले. त्यांनी कासमभाईंना गाव विचारलं, खाडी विचारली. कुठला मासा कधी मिळतो, हे त्यांनी हळूहळू सांगितलं. इंगाबाईंनी त्यांच्या देशातल्या खाऱ्या वाऱ्याचं वर्णन केलं. तिसऱ्या दिवशीही आम्ही गेलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या गोठ्याची गोष्ट लखकन उजळली.

पण नुसतं बसून त्यांचं परत जाणं थांबणार नव्हतं. इंगाबाईंनी थेट कफिलाला, म्हणजे ज्याच्या नावावर या सगळ्या माणसांचे इकामे, इथे राहायचे परवाने, होते त्या सौदी मालकाला, हॉस्पिटलात बोलावणं पाठवलं. मॅनेजर म्हणाला, तो येणार नाही. तो आला. म्हातारा, हातात जपमाळ, डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर छटा. ड्रायव्हर अरबीतून हिंदीत सांगायचा, मी हिंदीतून इंग्रजीत.

"या माणसाला घरी पाठवलंत," इंगाबाई म्हणाल्या, "तर तो दुसऱ्या कॅम्पवर रांधायला लागेल. नाहीतर गावात, स्वतःच्या नातवंडांसाठी. इथे माझ्याकडे औषध आहे. वेळ लागेल. पण तो बरा होऊ शकतो."

"त्याला माहीत होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही."

म्हाताऱ्यानं जपमाळ मुठीत गुंडाळली. मग तो म्हणाला, "माझ्या लहानपणी मोती काढणाऱ्या होड्यांवर देवीची साथ यायची. ज्याला देवी आल्या त्याला किनाऱ्यावर उतरवून वेगळ्या तंबूत ठेवायचे. माझा बाप रोज त्याच्या तंबूपाशी पाणी ठेवून यायचा." तो उठला. "राहू दे त्याला. स्वयंपाकघरात मात्र नको."

कासमभाईंना भांडारात काम मिळालं, वेगळी खोली, वेगळं न्हाणीघर. इंगाबाईंनी कॅप्सूल सुरू केल्या आणि त्या कित्येक आठवडे चालल्या. पुन्हा नमुने, पुन्हा प्लेटा. काळे ठिपके कमी होत गेले. मग एकदा प्लेट कोरी आली. इंगाबाई खूश झाल्या नाहीत. पुन्हा बघू म्हणाल्या. पुन्हा, आणि पुन्हा.

मी पुढे भारतात परतून चिपळुणात स्वतःची छोटी लॅब चालवली. किती रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले. काही रिपोर्ट असे असतात की ते देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नाही. असा रिपोर्ट दिला की दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे. हे म्हणायचे, लॅबवाली घरोघर फिरते, हे कुठे ऐकलंय? इंगाबाईंनी मला शिकवण म्हणून कधी काही दिलं नव्हतं. त्या फक्त दुसऱ्या दिवशी यायच्या. त्यांच्या देशात त्यांच्या नावाचं काही आहे का, संस्था, पुतळा, रस्ता, मला ठाऊक नाही. बहुधा नसेल. त्या गेल्याचं त्यांच्या भाचीनं मला दोन ओळींत कळवलं होतं.

त्या किनाऱ्यावर थंडी येते तेव्हा एकदम येते. हवेतलं मीठ एका दिवसात वाळतं, आकाश धुतल्यासारखं होतं. त्या उन्हाळ्यानंतरच्या अशाच एका दुपारी इंगाबाई मला घेऊन कॅम्पवर गेल्या. प्लेटा सलग कोऱ्या येत होत्या. त्यांनी मॅनेजरला लेखी कळवलं होतं, कासमभाई पूर्ण बरे आहेत, रांधू शकतात. त्याला आठवडे उलटले होते, पण कासमभाई स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हते.

"नाय बाय," ते मला म्हणाले. "हे हात आता नाय."

मी तसंच सांगितलं. इंगाबाईंनी ऐकलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कांद्याच्या पोत्यावर बसल्या. "त्यांना सांग, मला भूक लागलीय."

कासमभाई दारात उभे. इंगाबाई पोत्यावर बसलेल्या. दोघांपैकी कुणीच हलेना. बाहेर पोरं जमली होती, कामावरून सुटलेली, दारापासून जरा अंतर राखून. शेवटी कासमभाईंनी उसासा टाकला आणि नळाशी गेले. हात धुतले. परत धुतले. नखं घासली. मी मनात म्हटलं, आता थांबा, कातडी जाईल. मग त्यांनी तांदूळ घेतले.

भात आणि त्यांचं माशाचं कालवण झालं. पांढऱ्या भातावर लाल रस्सा, वर कोथिंबीर. त्यांनी थाळी इंगाबाईंसमोर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. इंगाबाईंना हातानं जेवता येत नसे. रस्सा मनगटापर्यंत ओघळला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं की कशानं कोण जाणे. त्या खात राहिल्या. मग त्यांनी थाळी उचलून बाजूच्या लाकडी फळीवर, आपल्या आणि त्यांच्या मधोमध ठेवली, आणि समोरच्या रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं.

कासमभाई बसले. बोटं भातावर टेकवून थोडा वेळ तशीच ठेवली. मग त्यांनी घास घेतला. चावताना त्यांचा चेहरा बदलत गेला. रांधणारा माणूस स्वतःचं रांधणं चाखताना जसा दिसतो, तसा तो झाला. त्यांनी मान वळवून दाराबाहेरच्या पोरांकडे बघितलं.

"उभे काय राहिलात रे?" ते ओरडले. "थाळ्या घ्या. भात निवतोय."